नाकतोड्याची जागा

साचा फोडला आणि ब्राँझच्या फुलदाणीच्या पोटावर डाळीएवढं भोक दिसलं. मेणावर केलेला साचा एकदाच कामाला येतो, आणि परदेशी साहेबाची भेट तीन दिवसांवर आली होती. मामंजींनी भोक बुजवलं. रंग सारखा चढावा म्हणून मी किसलेला मुळा चोळून फुलदाणी रंगाच्या उकळत्या पाण्यात सोडली. सगळं अंग सुरेख तपकिरी झालं, बुजवलेली जागा तेवढी पिवळट राहिली.

मग मीच तिथे ब्राँझचा एक नाकतोडा ठोकून बसवला. ना मध्यावर, ना काठाला. मामंजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांनी खोट लपवली नव्हती.

देवळांची कामं आटल्यापासून आमच्या ताकाओका गावात निम्म्या भट्ट्या थंड पडल्या होत्या. साहेबाने चाळीस फुलदाण्या सांगितल्या तर आमची भट्टी पेटती राहणार होती. नाहीतर माझा नवरा तोकुजिरो ओसाकाला तोफा ओतायला जाणार होता. तिथल्या कारखान्याला तसा शब्दच देऊन बसला होता तो.

साहेबाला घेऊन व्यापारी उराता आले. दुभाषेही तेच.

"ओनुई, हे काय गं?" नाकतोडा बघून ते माझ्या कानाशी फिसकारले. "ड्रॅगन कुठंय? या लोकांना अंगभर ड्रॅगन लागतात!"

"तुम्ही बसा हो, चहा घ्या," मी म्हटलं.

साहेबाने फुलदाणी उजेडाकडे फिरवली. त्याचा अंगठा पोटावरून सरकत आला आणि नेमका नाकतोड्यापाशी थांबला. त्याने दाबून पाहिलं.

"हा इथेच का, विचारतायत," उराता म्हणाले. "मधोमध का नाही?"

मामंजींनी घसा खाकरला. त्यांचं तोंड बघूनच मी ओळखलं, आता हा म्हातारा खरं सांगून मोकळा होणार.

"आमच्यात असंच बसवतात," मी मध्येच तोंड घातलं. "मधली जागा मोकळी सोडायची. जीव जरा बाजूला ठेवायचा, वाट चुकल्यासारखा. मग रिकाम्या जागेलाही शोभा येते."

कुठून सुचलं देव जाणे. उरातांनी ते सांगितलं आणि साहेब एकदम खुलला. त्याने वही काढून माझं वाक्य लिहून घेतलं, चारी बाजूंनी चित्रं काढली, नाकतोड्याची जागा पट्टीने मोजली. तोकुजिरोने भट्टीआडून माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला हसू आवरेना.

साहेबाने वही मिटली. एका फुलदाणीचे पैसे चटईवर ठेवले.

"आणि चाळीस?" मी विचारलं.

उरातांनी मान खाली घातली. "एकच पुरे म्हणतात. यांच्या गावी भांड्यांचा मोठा कारखाना आहे. आता रीत कळली, तिकडेच करतील. ताटांवर, दिव्यांवर, सगळ्यावर."

साहेबाने मला वाकून नमस्कार केला. मामंजींना नाही, मला.

ते गेल्यावर मामंजी दोन दिवसांत पहिल्यांदा बोलले. "भोक पडलंय म्हणून सांगितलं असतं, तर बिनभोकाच्या चाळीस मागितल्या असत्या त्याने."

मला तोंड वर करवेना. तोकुजिरो खाली बसला आणि भट्टीतले निखारे एकेक करून बाहेर ओढू लागला.