टबातलं तांबडं पाणी

"बघा, बघा! रंग बदलाय लागला!"

कसबा बावड्यातल्या मंगल कार्यालयातल्या शिबिरात सगळ्यांचे मोबाईल वर गेले. मशीन जोडलेल्या टबात पाय सोडून बसलेल्या बाईच्या पायाभोवती स्वच्छ पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग चहाच्या चोथ्यासारखं. जलयोगी महाराज माईकवर गरजले, "हे काय हाय, पावणं? अंगातलं इख हाय! शुगर हाय, बीपी हाय, जावेचा मत्सरसुद्धा ह्यातच उतरलाय! डॉक्टर हे काढणार न्हाय. काढलं तर त्याचं दुकान कसं चालंल?"

हशा, टाळ्या, जयजयकार. संध्याकाळपर्यंत ती रील मुरगूडला पोचली. झुंबरबाईंनी ती पाहिली, बावड्याला येऊन टबात पाय सोडले आणि इन्शुलिन बंद केलं.

त्यांची भाची क्रांती कोल्हापुरात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती धावत मुरगूडला गेली.

"आत्ती, सुई चालू कर. अंगठ्याला जखम हाय तुझ्या."

"क्रांते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. माझ्याच पायातनं निघालं की ते!"

क्रांतीने त्याच तिरीमिरीत व्हिडिओ केला. फळा, समीकरणं, अवघड शब्द आणि शेवटी 'अडाणी लोकांनो, जागे व्हा!' फारसा कुणी पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी शिव्या घातल्या. ती कॉलेजात दोन लेक्चरच्या मधे फोन उघडायची, शिवीला शिवीने उत्तर द्यायची, परत उघडायची. तिकडे आत्तीची जखम काळी पडत चालली होती.

त्या गदारोळात वर्षाराणी नावाच्या कुणा बाईने लिहिलं होतं, 'मॅडम, मग पाणी तांबडं का होतं ते दावा की. चिडताय कशाला?'

क्रांती त्या ओळीवर थांबली. आपण भांडलो, दाखवलं काहीच नाही.

दुसऱ्या व्हिडिओत फळा नव्हता. तिच्या स्वयंपाकघरातलं काचेचं भांडं होतं, पाणी, मूठभर मीठ, बॅटरीला जोडलेले दोन लोखंडी खिळे आणि पाण्यात तरंगणारं एक वांगं.

"ह्या वांग्याला शुगर झाल्या," क्रांतीचा आवाज आला. पाणी तांबडं झालं. मग तिने भांडं धुतलं, नवं मीठपाणी घेतलं, वांगं बाहेरच ठेवलं. पाणी पुन्हा तांबडं! "इख वांग्यात न्हाय, खिळ्यात हाय. मिठाच्या पाण्यातनं करंट गेला की लोखंड झिजतं, त्याचा गंज पाण्यात उतरतो. टबातबी मीठ घालत्यात आन् तारेला पेटी लावलेली असते, त्यात काय हाय ते बघा. आन् महाराजांना एवढंच म्हणा, पाय बाहेर ठेवून मशीन चालू करा."

संपला. मधलं थांबणं कापून मिनिटभराचासुद्धा उरला नव्हता. हा व्हिडिओ तिने प्राध्यापकांच्या ग्रुपवर न टाकता भिशीच्या आणि दूधसंस्थेच्या ग्रुपवर टाकला. कमेंट आली की न चिडता उत्तर दिलं.

पुढच्या शिबिरात वर्षाराणीच उभी राहिली, हातात मोबाईल, लाईव्ह चालू. "महाराज, पाय न घालता चालू करा की."

"अश्रद्धेनं यंत्राची शक्ती जाते, ताई!"

"मग वांगं घाला!" मागून कुणीतरी ओरडलं. कार्यालय हशाने दणाणलं. एकाने पुढे होऊन बटण दाबलं. कुणाचेच पाय नसलेल्या टबातलं पाणी पिवळं झालं, मग तांबडं. त्याने बटण बंद करून तार ओढली. तिच्या टोकाची पेटी बाहेर आली. आत गंजलेल्या पट्ट्या होत्या. लोक त्या बघायला वाकले तोवर महाराज मागच्या दाराने गाडीत बसले होते.

लाईव्ह बघून झुंबरबाईंनी फोन केला. "क्रांते, गाडी घेऊन ये."

पाय वाचला. अंगठा काढावा लागला. पहिल्यांदाच नीट दाखवलं असतं तर, हा विचार दवाखान्यात क्रांतीला एका जागी बसू देईना. तिच्या येरझाऱ्या बघून आत्ती म्हणाल्या, "मोबाईल धर."

"राहू दे गं आत्ती."

"धर म्हणते न्हवं!"

त्यांनी पट्टी बांधलेला पाय कॅमेऱ्यापुढे केला. "मी मुरगूडची झुंबरबाई. पाणी तांबडं झालेलं मी बघितलं, ते खरं हाय. पण ते कशानं झालं, हे इचारलं न्हाय. तुम्ही इचारा. महाराजाला इचारा, डॉक्टरला इचारा, माझ्या ह्या भाचीलाबी इचारा. जो इचारल्यावर चिडतो, त्याच्या टबात पाय घालू नका."