परातीतली लिली

लिलीनं मान टाकली तेव्हा बकाराम जराही घाबरला नाही. पान लवलं म्हणजे झाड तहानलं. पस्तीस वर्षं इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवलेल्या माणसाला कुंडीतल्या झाडाचं काय मोठं? त्यानं कुंडी पितळी परातीत ठेवली, परात काठोकाठ भरली आणि धानाची बांधी भरल्यासारखा समाधानानं मागे सरकला.

झाडं फुलवंताची, त्याच्या बायकोची. शेत ठेक्यानं देऊन दोघं मुर्रीत मुलाकडे राहायला आले. इथं अंगण नव्हतं, म्हणून तिनं बैठकीच्या खिडकीत कुंड्या मांडल्या. पांढऱ्या फुलांची पीस लिली, मनी प्लांट आणि उभ्या पट्ट्यांसारख्या पानांचं स्नेक प्लांट. रोज सकाळी ती मातीत बोट खुपसायची. तो चिडवायचा, "नाडी पाहून राहिली का, डॉक्टरीनबाई?" ती लक्षच द्यायची नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मात्र तिनं विचारलं होतं, "झाडाइले कोन पाहीन जी?"

"मी पाहीन. तू कायले फिकर करून राहिली?"

ती गेली त्याला सहा महिने झाले होते. तिला दिलेला शब्द आता या खिडकीतच उरला होता.

चार दिवसांत लिलीची पानं आणखी खाली आली, पिवळी पडली. त्यानं आणखी पाणी ओतलं. सून रेणू चहा घेऊन आली ती नाकाला ओढणी लावूनच.

"वास येऊन राहिला जी, मामाजी. बाहेर ठेवू का हे?"

"तहानलं आहे ते."

"परातीत पोहून राहिलं, अन् तहानलं?"

"मले नको शिकवू, पोरी. तुह्या जन्माच्या आधीपासून पानी देऊन राहिलो मी."

"धानाले, मामाजी. हे का धान आहे?"

बकारामला राग आला. बोलायचं टाळायला त्यानं उगाच पडदा सरकवला. पडद्यामागे स्नेक प्लांट होतं. दीड महिना त्याला ते आठवलंच नव्हतं. माती सुकून कुंडीच्या काठापासून सुटली होती, आणि झाड ताठ उभं होतं.

जे विसरलं ते ठणठणीत, आणि ज्याची सेवा केली ते मरायला टेकलं.

मग फुलवंता करायची तसं त्यानं लिलीच्या मातीत बोट घातलं. बोट चिखलात गेल्यासारखं आत गेलं. वर काढून हुंगलं, तर वास ओळखीचा निघाला. एका साली रोपवाटिका आठ दिवस पाण्याखाली राहून धानाचे पऱ्हे, लावणीची कोवळी रोपं, सडले होते, तेव्हा बांधावर हाच वास होता.

"तहान नाही, रेणू. मीच बुडवलं. तुह्या सासूचं झाड मीच बुडवलं."

रेणूचा आवाज खाली आला. "मंग टाकून देऊ का, मामाजी?"

"टाकतं काऊन? बादली आन. अन् कैची."

कारण पुढचं काम त्याच्या हातांना पाठ होतं. त्यानं झाड उपटलं, मुळं बादलीत धुतली आणि पऱ्ह्यांची जुडी सोडवावी तसा गुंता अलगद मोकळा केला. काळी, पिचपिचीत मुळं कापून टाकली. पांढरी, टणक अशी थोडीच उरली, पण उरली. पिवळी पानं खुडली. कोरड्या मातीत राईस मिलमधला धानाचा भुसा मिसळून त्यानं झाड पुन्हा रोवलं आणि पेलाभर पाणी देऊन कुंडी उन्हाच्या तिरिपेपासून दूर ठेवली.

खरं कठीण ते नंतर. हात सारखा तांब्याकडे जायचा. रेणू जाता-येता टोकायची, "मामाजी, पानी?"

"नाही देत म्हटलं ना."

रोज सकाळी मातीत बोट. ओली. पुन्हा ओली. नवव्या दिवशी बोट दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं गेलं. त्यानं एकच पेला पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत तीन पानं वर आली होती, आणि त्यांच्यामध्ये सुईएवढी हिरवी गुंडाळी दिसत होती.

रेणू वाकून बघू लागली. "नवीन पान का जी?"

"धरलं," बकाराम म्हणाला. रोवलेले पऱ्हे जीव धरत, तेव्हा तो बांधावरून घरी येऊन फुलवंताला एवढंच सांगायचा.

मग त्यानं परात उचलली, राखेनं घासून लख्ख केली आणि स्वयंपाकघरात तिच्या जागी नेऊन ठेवली.