सुतारभाऊंची साक्ष

सुताराच्या बायकोला कधी, कुठे आणि कशानं मार बसला ते सगळं पाठ होतं, आणि सुताराला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठवणार कसं? तेव्हा तो शुद्धीवर थोडाच असायचा. म्हणून मग शनिवारी दुपारी रंधा बाजूला ठेवून, अंगावरचा भुसा झटकत तो तिच्या शिलाई मशीनपाशी येऊन बसायचा. "अगं, ती दाराच्या कडीची गोष्ट नेमकी काय होती?" शर्टांना काजं करता करता ती सांगायची. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो चर्चच्या मंडळीत उभा राहून तीच गोष्ट साक्ष म्हणून द्यायचा. आपण कसे पापी होतो, देवापासून किती लांब गेलो होतो आणि प्रभूनं हात देऊन कसं वर काढलं.

साक्ष ऐकावी तर सुतारभाऊंची, असं लोक म्हणत. आवाज खणखणीत, आणि डोळ्यांतलं पाणी अगदी वेळेवर. प्रभूसुद्धा सुतारच होता की, असं पाळकसाहेब एकदा गमतीनं म्हणाले, तर गड्यानं दाढीच वाढवली. "करून करून भागला अन् देवपूजेला लागला," असं शेजारीण पुटपुटली तेव्हा मात्र बायकोनंच तिला गप्प केलं. कारण माणूस बदलला होता हे खरंच होतं. बाटली सुटली होती. हात उठत नव्हता. आणि त्यासाठी वर्षानुवर्षं गुडघे टेकून देवाचं दार ठोठावलं होतं ते हिनंच. दार उघडलं, तो आत गेला, आणि ही आपली चपला राखत बाहेर.

पहिल्यांदा त्यानं चारचौघांत तिच्या मोडलेल्या हाताची गोष्ट सांगितली, तेव्हा तिला हलकं वाटलं होतं. कुणीतरी बोललं एकदाचं. मग हळूहळू गोष्टीला मीठमसाला लागत गेला. बायका तिला म्हणायला लागल्या, काय भाग्यवान हो तुम्ही. त्यानं देवाची क्षमा मागितली, मंडळीची मागितली, ज्याच्या दुकानाची काच फोडली होती त्या दारूवाल्याचीसुद्धा जाऊन मागितली. हिची तेवढी राहून गेली. घरच्या माणसाची काय मागायची, असं असेल.

आणि आता पाळकसाहेबांनी तिच्यामागे लकडा लावला होता. वार्षिक मेळाव्याला सुतारभाऊ साक्ष देतील, मग बाईंनी उभं राहून म्हणायचं, मी क्षमा केली. लगेच प्रभुभोजन, प्रभूच्या नावानं मोडलेली भाकर सगळ्यांनी घ्यायची. जो क्षमा करत नाही त्यानं भाकरीला हात लावू नये, हे त्यांनी प्रेमानंच सांगितलं, पण सांगितलं. ती भाकर म्हणजे तिचं सर्वस्व होतं. वाईट दिवसांत सुजलेल्या ओठानं जाऊन तो एवढासा तुकडा ती तोंडात धरायची. घरातल्या कशाहीपेक्षा तो तिचा होता.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी सुतार नेहमीसारखा येऊन बसला. बाहेरगावचे लोक येणार होते आणि जुन्या गोष्टी तर सगळ्या सांगून झालेल्या. तो अजीजीनं म्हणाला, "एखादी राहिली असेल बघ."

एक राहिली होती. ती त्याला कधीच द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण त्या दिवशी मशीन थांबवून तिनं सांगितलं. "जिन्यावर मी घसरले नव्हते. तुम्ही ढकललं होतं. पोटातलं बाळ त्यानं गेलं."

त्याचा चेहरा कातडी सोलल्यासारखा झाला. तो बसल्या जागेवरून खाली, अंगावरून झडलेल्या भुशात घसरला आणि रडला. आवाज न करता, मंडळीत रडायचा तसा नव्हे. आता तरी माफ कर म्हणेल, असं तिला वाटलं. त्याच्या डोक्यावर ठेवायला तिचा हात उचललासुद्धा गेला. त्यानं बाहीनं नाक पुसलं, वर पाहिलं आणि विचारलं, "हे सांगता येईल का गं?"

तेव्हा तिला स्वतःचंही कळलं. इतकी वर्षं तिनं ते बाळ उराशी धरलं होतं आणि शेवटी उचलून दगडासारखं त्याला मारलं होतं. तो दगडही त्यानं झेलून खिशात घातला.

"सांगा," ती म्हणाली.

सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. तो बोलला आणि बायांनी तोंडाला रुमाल लावले. त्यानं त्या बाळाला मुलगा करून टाकलं होतं. मुलगा की मुलगी हे कुणालाच कळलेलं नव्हतं, तिलासुद्धा नाही. शेवटी तो म्हणाला, माझा लेक आज प्रभूच्या मांडीवर आहे आणि त्यानंही मला क्षमा केलीय. लोक "आमेन" म्हणाले.

पाळकसाहेबांनी तिच्याकडे हात केला. "बाई, आता तुम्ही. दोनच शब्द."

ती उभी राहिली. "यांनी माझ्याकडे मागितलीच नाही, साहेब."

कुणीतरी खोकलं. तिच्या शेजारी येऊन बसलेला सुतार तिच्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "अगं, देवाकडे मागितली ना मी? तुझ्यासमोरच तर मागितली."

"ऐकली मी," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग पाळकसाहेबांनी तिच्या कठीण मनासाठी प्रार्थना केली. चांगली केली, आणि त्यातला शब्द न् शब्द तिला पटत होता, हीच तर खरी पंचाईत. देवानं याला माफ केलंय याबद्दल तिला शंका नव्हती. देव तेवढा मोठा होताच. पण त्याच दारानं आत जायचं, याच्याच शेजारी बसायचं आणि अनंतकाळ हीच साक्ष ऐकायची? तिला नको होतं. हे पाप आहे, आपणच देवाकडे पाठ फिरवतोय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आत्ता, या क्षणी, यानं कानात एक शब्द जरी टाकला असता तरी ती वळली असती. तिनं थोडी वाटही पाहिली.

भाकरीचं तबक रांगेतून हातोहात तिच्यापर्यंत आलं. पांढरे, एकसारखे तुकडे. तिनं तबक दोन्ही हातांनी घट्ट धरलं, तुकडा उचलला नाही, आणि ते नवऱ्यापुढे केलं. त्यानं अर्धवट मिटल्या डोळ्यांनी एक तुकडा घेतला आणि तबक पुढे दिलं. तिनं घेतला की नाही, ते त्यानं पाहिलं नाही. तुकडा तोंडात विरघळेपर्यंत त्याचे ओठ हलत होते. तिच्यासाठीच प्रार्थना करत होता बिचारा.