शेळी नंबर चार

नाव माझं आनंदी, पण ठुमकीची नवी मालिका मितालीला मिळाली त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना. खोटं कशाला बोलू, जळत होते मी.

स्नेहलतागंजात तिसऱ्या मजल्यावर आमचा कार्टूनचा स्टुडिओ. नऊ वर्षं मी रोज महूहून बस धरून येते आणि 'शेळीपलटण' मालिका सांभाळते. सांभाळते मतलब शेळ्यांची चित्रं काढते आणि रजिस्टर ठेवते. कोणत्या शेळीचं कोणतं शिंग वाकडं, कोण कुणाला काय हाक मारतं, कोण काय खात नाही, सगळं भागवार लिहायचं, म्हणजे चाळिसाव्या भागात कुणाचं शिंग सरळ व्हायला नको. मुलं लगेच पकडतात. माझे आजोबा फौजेत स्टोअर सांभाळायचे, त्यांचा एक नियम मी इथे आणला. रजिस्टरमध्ये खोडरबर नाही. चुकलं तर लाल पेनने रेघ मारायची, शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं आणि खाली सही.

ठुमकी माझी. लिहिणाऱ्यांना तर ती सुचलीसुद्धा नव्हती. कळपात मागे उभी असायची एक शेळी, तिला लंगडी चाल मी दिली, खडूस मी केलं, आणि मुलांनी तिला डोक्यावर घेतलं. आता तिच्या लहानपणाची वेगळी मालिका निघाली. मला वाटलं, मलाच बोलावतील. तर आमचे मालक मालोजी भिया म्हणाले, "आनंदीजी, मिताली करेगी. नया खून चाहिए. आप बस कंटिन्यूटी देख लेना."

मितालीला मी शिकवलंय. चार वर्षं माझ्या बाजूच्या टेबलावर बसली, माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली, आणि आता मी तिच्या चुका बघत बसायचं. बघायला सांगितल्या ना, मग बघितल्या. पहिल्याच आठवड्यात बावीस काढल्या. खुराचा रंग, घंटेची दोरी, काय वाट्टेल ते. ती प्रत्येक वेळी "हो ताई" म्हणायची आणि सुधारून आणायची. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला.

मग पहिल्या भागाचं कच्चं काम सगळ्यांना दाखवलं. छोटी ठुमकी एकटी शेतातून लंगडत चालली आहे आणि गुणगुणते आहे. ती चाल ऐकली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आई भाकऱ्या थापताना गुणगुणायची, शब्द नाहीत त्याला. चित्र काढताना मीही तेच गुणगुणते. चार वर्षं बाजूला बसून हिने ते उचललं होतं. शेळी घेतली ती घेतली, आता माझ्या आईची गुणगुणही घेऊन बसली.

"ठुमकी गात नाही," मी म्हणाले.

मितालीने वळून बघितलं. "असं कुठे आहे, ताई?"

"रजिस्टरमध्ये."

"रजिस्टर में है तो है," मालोजी भिया म्हणाले. "निकालो गाना."

रजिस्टरमध्ये असलं काही नव्हतं. दुपारी सगळे खाली कचोरी खायला गेले तेव्हा मी पहिलं रजिस्टर काढलं. सहाव्या भागाच्या पानावर तळाला एक ओळ रिकामी होती. तिथे लिहिलं, 'ठुमकी कधीच गात नाही.' अक्षर माझंच, कोण शंका घेणार. मिताली वर आली तेव्हा पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. तिने जरा जास्तच वेळ बघितलं.

"ठीक आहे ताई," ती म्हणाली.

तीन आठवडे ती राबली. ठुमकीच्या लंगडण्याचा ठेका गुणगुणण्यावर बसवलेला होता, गाणं काढल्यावर अकरा दृश्यं पुन्हा करावी लागली. मी रोज बाजूने जात होते आणि मनात म्हणत होते, भोग आता. चहासुद्धा विचारला नाही मी तिला.

मग पुरा भाग दाखवला. शिंग बरोबर, खूर बरोबर, घंटेची दोरी बरोबर. माझी एक हरकत उरली नव्हती, आणि ती ठुमकी नव्हतीच. एक लंगडी शेळी शेतातून चालली होती, बघून नुसती कीव येत होती. ती लंगडी चाल पहिल्यांदा काढली तेव्हा ठेका सापडावा म्हणून मी गुणगुणतच काढली होती. मितालीला ते समजलं होतं आणि मला, जिची ठुमकी, मला नव्हतं समजलं. मालोजी भिया मोबाइल बघत म्हणाले, "चलेगा. कल चैनल को भेज दो."

सगळे उठून गेल्यावर मी मितालीपाशी गेले. "ती ओळ मी त्या दिवशी दुपारी लिहिली," मी म्हणाले. "आधी नव्हती."

"माहीत आहे."

"कसं?"

तिने रजिस्टर ओढून सहाव्या भागाचं पान काढलं. "इथे ठुमकी कुठे आहे, ताई? सगळ्या पानावर तुम्ही 'शेळी नंबर चार' लिहिलंय. नाव तर तिला एकोणिसाव्या भागात पडलं."

नऊ वर्षं मी दुसऱ्यांची वाकडी शिंगं पकडली. हे माझ्या ध्यानात आलं नाही.

"मग भियाला का नाही दाखवलंस?"

"दाखवलं असतं तर या रजिस्टरवर पुन्हा कुणी भरवसा ठेवला असता का?" ती खाली बघत म्हणाली. "आणि ते गाणं तुमचं होतं. तुम्हाला द्यायचं नसेल, असं वाटलं मला. आधी विचारायला हवं होतं."

मला इतकी लाज वाटली की तिचा रागच आला. मग तोही गेला.

"गाण्याची फाइल, ती जुनी अकरा दृश्यं, सगळं ठेवलं आहेस?"

"आहे ना."

मी रजिस्टर उचललं आणि सरळ मालोजी भियांच्या केबिनमध्ये गेले. मिताली मागोमाग येऊन दारात उभी राहिली. "गाने वाला भेजिए," मी म्हणाले. "ठुमकी गाती है. ये मैंने बाद में लिखा है, झूठ है." त्यांच्या टेबलावरच पान उघडलं, लाल पेन काढलं आणि ओळीवर रेघ मारली. कारणाच्या रकान्यात आजवर मी 'रंग चुकला', 'शिंग उलटं' असलंच लिहीत आले. या वेळी हात थांबला. खोडरबर नाही, जे लिहीन ते राहणार, उद्या नवीन येणारा प्रत्येक जण वाचणार.

मी लिहिलं, 'जळत होते.' खाली सही केली.

मालोजी भियांनी वाचलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दारातल्या मितालीकडे. मग रजिस्टर माझ्याकडे परत सरकवलं.

"तारीख भी डालो, आनंदीजी," ते म्हणाले. मी आजची तारीख टाकली.