लागलं तर सांगा

मामांनी वस्तऱ्यात नवं पातं बसवलं. ते नीट बसलंय की नाही, हे त्यांना डोळ्यांजवळ धरून बघावं लागलं. आजवर हे काम बोटंच करत आली होती.

प्रत्येकाच्या ओळखीचं असं एक सलून असतं. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि कात्रीपेक्षा जास्त चालणाऱ्या गप्पा. मामांचं सलून तसलंच. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे. वयाने मोठे असलेले, निवृत्त झालेले पोस्टमनकाकासुद्धा. गालाला वस्तरा लावण्याआधी मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत, "लागलं तर सांगा हं." पण सांगायची वेळ सहसा कुणावर येत नसे. डाव्या अंगठ्याने कातडी ताणून धरली की तो अंगठाच सांगे, खाली हाड आहे, पुळी आहे की जुनी जखम. मामांची बोटं ऐकत असत.

ती आता ऐकेनाशी झाली होती.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. उरलंसुरलं मुळासकट जावं म्हणून केमो चालू होती. आधी बोटांना मुंग्या आल्या, मग गार पाण्याचा चटका बसू लागला, मग टोकं बधिर पडली. शर्टाची बटणं मामी लावून देऊ लागल्या. तरी डॉक्टरबाईंनी विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं, "बरं आहे." कारण शेजारच्या खाटेवरच्या एका पेशंटाने त्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं, की तक्रार केली की औषध बंद करतात, आणि औषध बंद म्हणजे आपला गाशा गुंडाळला. मामी रोज म्हणत, अहो, सांगून तरी बघा. मामा रोज विषय बदलत. बोटं गेली तर दुकान जाणार होतं. बोललं तर जीव. मामांनी जीव धरून ठेवला होता आणि तोंड मिटून घेतलं होतं.

त्या सकाळी पोस्टमनकाका येऊन खुर्चीत बसले. गाल झाले, हनुवटी झाली. मामांनी काकांची मान मागे कलती केली आणि गळ्यावरून वस्तरा फिरवला. आरशात पाहिलं तर पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटलेली. आणि कानाखाली आणखी एक, आधीची, तिथला फेस गुलाबी झालेला. ती केव्हा झाली, हे मामांना कळलंच नव्हतं. काका डोळे मिटून बसले होते. फक्त खुर्चीच्या दांड्यांवर त्यांच्या मुठी आवळलेल्या होत्या.

मामांच्या हातातून वस्तरा बेसिनमध्ये खणकन पडला. ते घाबरून तुरटी शोधू लागले, आणि त्या भीतीचाच राग झाला.

"लागत होतं ना काका? मग बोलायचं नाही? गळा आहे तो, टेबलाचा पाय नाही!"

काका ओशाळले. "तू आजारी माणूस. म्हटलं, बोललो तर तुझ्या मनाला लागेल. शिवाय भरवसा आहे रे तुझ्यावर."

"हा कसला भरवसा? भरवसा असता तर ओरडला असतात! तुम्ही गप्प, मग मला कळायचं कसं?"

बोलून झालं आणि मामांनी आरशात पाहिलं. हे वाक्य काकांना उद्देशून होतं खरं, पण आरशात समोर ते स्वतःच उभे होते.

काकांनी तुरटी स्वतःच्या हाताने गळ्याला लावून घेतली आणि बोटांचं विचारलं. मामांनी सगळं सांगितलं, शेजारच्या खाटेपर्यंत. काकांनी गळ्यावरचा उरलेला फेस पुसला.

"म्हणजे तिकडे तू माझ्यासारखा बसतोस तर. औषध डॉक्टरबाईंच्या हातात आहे, मामा, पण डावा अंगठा तुझ्याकडे आहे. तो तूच बांधून ठेवलास, तर त्यांनी हात चालवायचा कसा?"

"आणि बंद केलं औषध तर?"

"ते मला माहीत नाही. पण शेजारच्या खाटेला विचारलंस, आता खुर्चीतल्या डॉक्टरबाईंना विचार."

पुढच्या वेळी डॉक्टरबाई रिपोर्ट चाळता चाळता सवयीने म्हणाल्या, "बरं आहे ना?" मामांची जीभ जुन्या वाटेने निघाली आणि अडली. मामी शेजारीच बसल्या होत्या.

"नाही," मामा म्हणाले. "बोटं गेलीत."

बाईंनी मान वर केली. शर्टाचं बटण लावायला सांगितलं. मामा लावत राहिले, ते लागेना. बाईंचा चेहरा कठोर होत गेला, आणि मामांना वाटलं, संपलं.

"केव्हापासून? आणि मी पूर्ण डोस देत राहिले." मग बाईंनी विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

"दाढ्या करतो."

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग कितीतरी वेळ त्या बोलल्या. औषधं दोन आहेत, नसांना त्रास देतं ते एकच. ते थांबवलं तरी दुसरं चालू राहील. त्यात थोडा फायदा सोडावा लागेल, तो किती, तेही त्यांनी लपवलं नाही. बोटं हळूहळू सुधारतील, पण पूर्ण येतील असं वचन त्या देणार नव्हत्या. ठरवायचं तिघांनी मिळून. मामांनी मामींकडे पाहिलं आणि म्हणाले, ते एक थांबवू.

"चूक माझीही आहे," बाई म्हणाल्या. "'बरं आहे ना' विचारलं की माणूस 'हो'च म्हणणार. पण पहिल्या दिवशी म्हटलं होतं मी, काही लागलं तर सांगा."

मामा कितीतरी दिवसांनी हसले. "मला वाटलं, पाणीबिणी लागलं तर!"

बंधूंनो, भगिनींनो, डॉक्टरवर विश्वास म्हणजे डोळे मिटून सोसणं नव्हे, आणि पेशंटाची काळजी म्हणजे नुसते रिपोर्ट वाचणं नव्हे. दुखतं ते सांगावं, भीती वाटते ती विचारावी. आणि समोरच्याने खरं तेच सांगावं, वचन देता येत नसेल तर तेही. आपण मात्र शेजारच्या खाटेवर लवकर विश्वास ठेवतो!

वस्तरा खणात गेला. मामा मशीनवर भागवू लागले. काकांनी मात्र मशीन लावून घेतली नाही. त्यांची दाढी वाढत राहिली, गल्ली त्यांना ऋषी म्हणू लागली. मग एके सकाळी मामांनी त्यांच्या गालावर डावा अंगठा टेकवला आणि तो तसाच राहू दिला. खाली हाड होतं. पुसट, पण होतं.

त्यांनी खण उघडला.

"लागलं तर सांगा हं."

"मी ओरडेन," काका म्हणाले. "आणि तिकडे तूही."