पॉलिशचा वास

फळीवरची करवत काढताना सुताराचं कोपर डब्याला लागलं आणि अर्धा डबा पॉलिश खाली बसलेल्या पॉलिशवाल्याच्या अंगावर आलं. खांद्यापासून कमरेपर्यंत शर्ट चिंब झाला. टेबलाचा पाय घासायचा होता म्हणून त्याने एप्रन नेमका काढून ठेवला होता. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून केलेलं ते पॉलिश. त्याचा भपकारा आला की दारूच्या दुकानात शिरल्यासारखं वाटे. सुतार करवत हातात धरून तसाच उभा राहिला. त्याला सगळे दाढी म्हणत, आणि एरवी त्या दाढीमागची बडबड थांबवता थांबत नसे.

“माझा शर्ट आहे खुंटीवर. तो घालून जा,” दाढी शेवटी म्हणाला. “असा घरी गेलास तर वहिनी काय म्हणतील?”

“नको.”

“अरे, साबण आहे, पाणी आहे. इथेच अंघोळ कर.”

“नको म्हटलं ना.”

दाढीचा चेहरा पडला. त्याला वाटलं, पॉलिशवाला रागावला. पण तो राग नव्हता. व्यसनमुक्ती केंद्रात जाण्याआधी कितीतरी वर्षं पॉलिशवाला असाच बदललेल्या शर्टात, ओल्या केसांनी, तोंडात पुदिन्याची गोळी घोळवत घरी जात असे. नवरा स्वच्छ दिसला की बायको समजे, आज पिऊन आलाय. आणि स्वच्छ व्हायला सवड मिळाली नाही, तर पॉलिश होतंच मदतीला. कामाचा वास आहे गं, असं तो छातीठोकपणे सांगे. निम्मं खरं असल्यामुळे ते खोटं फार वर्षं टिकलं.

केंद्रातून सुटताना समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, दुसरं काही काम जमेल का. त्याने बरंच डोकं खाजवलं, पण हातांना दुसरं काही येतच नव्हतं. मग त्याने स्वतःला नियम घालून घेतला: पॉलिश करताना एप्रन घालायचा, आणि सकाळी घातलेल्या शर्टातच संध्याकाळी घरी जायचं. घरीही एक रीत आपोआप सुरू झाली. बायको दार उघडे, तो उंबऱ्यावर थांबे, ती पुढे होऊन त्याच्या कॉलरपाशी वाकून एक श्वास घेई आणि बाजूला होई. मध्यंतरी ती तापाने अंथरुणाला खिळली होती, तेव्हासुद्धा भिंतीला धरून दारापर्यंत आली होती. यावर दोघांनी कधी ब्र काढला नाही. सुरुवातीला त्याला ते जिव्हारी लागायचं. पुढे त्या श्वासाचाच आधार वाटू लागला. दिवसात कधी जीव कासावीस झाला की तो संध्याकाळचा उंबरा डोळ्यांसमोर आणी, आणि वेळ निभावून जाई.

बसमध्ये शेजारचा माणूस उठून पुढे गेला. मागच्या बाईने रुमाल नाकाला लावला तो उतरेपर्यंत काढला नाही. कंडक्टर म्हणाला, “काका, खिडकी उघडा आणि तिथेच बसा, हलू नका.” पिऊन तो याच बसमध्ये शेकडो वेळा बसला होता. एवढी शोभा तेव्हा कधी झाली नव्हती.

स्टॉपवर उतरल्यावर कोपऱ्यावर दारूचं दुकान लागे. रोज तो समोरच्या बाजूने जात असे. आज पाय जरा रेंगाळले. वास तर येतोच आहे, मनाने सुचवलं, मग आज घेतली तरी कोणाला कळणार आहे? कारण इतकं बिनतोड होतं की तो घाबरला. केंद्रातल्या बाई म्हणायच्या, तुमचं मन वकिलासारखं बोलायला लागलं की चपला घाला आणि निघा. चपला पायात होत्याच. बायकोला सांगायचं वाक्य तो पुटपुटत निघाला. डबा सांडला, हवं तर दाढीला विचार. डबा सांडला, हवं तर दाढीला विचार.

बायकोने दार उघडलं. तो उंबऱ्यावर थांबला. ती नेहमीसारखी पुढे झाली, कॉलरपाशी वाकली, श्वास घेतला आणि बाजूला झाली.

“या. दूध तापत ठेवलंय, चहा टाकते.”

वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. मी प्यायलोय असं हिने धरलं, त्याला वाटलं, आणि आता बोलायचंच सोडून दिलं. केंद्रात जाण्याआधी, अगदी शेवटच्या दिवसांत तिने तेच केलं होतं. तो तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला. ती ओट्याशी कप पुसत उभी होती आणि चक्क गुणगुणत होती. शेजारी दूध करपत होतं. त्याचा वास दारापर्यंत आला होता, आणि ती भांड्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

त्याने पुढे होऊन गॅस बंद केला.

“अगंबाई, लागलं की काय?” ती म्हणाली आणि भांड्यात डोकावली.

तो खुर्चीवर बसला. हळूहळू त्याच्या लक्षात येत गेलं. दारावरचा पहारा उठला होता. कधी उठला कोण जाणे, पण आजचा नव्हता. म्हणजे इतके दिवस उंबऱ्यावर त्याला अडवणारं कोणी नव्हतंच. आणि हे आपल्याला कळलंय, हे तिला माहीत नव्हतं. उद्या संध्याकाळी तो कसाही घरी आला असता तरी ती बाजूला होऊन या म्हणाली असती. मनातला वकील खुर्ची सरकवून उठला. त्याने शर्टाचं चिकट झालेलं बटण चाचपलं, सोडलं, पुन्हा चाचपलं.

“तुला वास येत नाही,” तो म्हणाला.

ती भांडं खरवडत होती. “सर्दी झालीय.”

“सर्दी नाही. आज माझ्या अंगावर अर्धा डबा पॉलिश सांडलंय. बसमध्ये माणसं उठून गेली.”

तिचा हात थांबला. वळून तिने त्याच्या शर्टाकडे पाहिलं, तो पिवळट डाग खांद्यापासून खाली कुठवर गेलाय ते पाहिलं.

“तापातून उठले तेव्हापासून,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित परत.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“भीती वाटली. वाटलं, तुम्हाला कळलं की संपलं सगळं.” तिने हात पुसले. बराच वेळ पुसत राहिली. “आता तुम्हाला कळलंच होतं. मग बोललात कशाला? गप्प राहायचं होतं.”

त्याने भांड्याकडे बोट केलं.

“दूध करपत होतं.”

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. मग दोघांनी बिनदुधाचा चहा घेतला. तो अगदीच बेचव झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं तेव्हा सवयीने तो उंबऱ्यावर थांबला. आता थांबायचं काही कारण नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे दोघंही जरा अवघडली.

“आज दुपारी मन झालं होतं,” तोच म्हणाला. “फार झालं होतं. मग उगाच दाढीशी भांडण उकरून काढलं. गेलं.”

“बरं केलंत.”

एवढं बोलून ती बाजूला होईल असं त्याला वाटलं. पण ती पुढे झाली आणि कॉलरपाशी वाकली.

“काही कळतंय?” त्याने विचारलं.

“काही नाही.”

“मग?”

“उभे राहा की जरा. तुमची काय गाडी सुटतेय?”

तो उभा राहिला. जिन्यातून वर जाणारे शेजारी त्यांना वळसा घालून गेले.