झेनोनचा बुडबुडा

दिवा जरा बाजूला करा हो. बोलतोय तो मीच, या मधाच्या रंगाच्या खड्यातला भुंगेरा. चार कोटी वर्षं एकाच कुशीवर पडून आहे, तरी कुणी ना कुणी येऊन माझ्या मिशा तपासतंच आहे. थकलो बुवा.

झाडावर चढताना राळेत पाय रुतला, एवढीच माझी जवानी. राळेचा अंबर झाला, अंबर समुद्रात गेला. मग एका मार्चमध्ये, वादळ ओसरल्यावर, ग्दान्स्क शहराजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर झेनोन नावाचा माणूस रबरी बूट चढवून, लांब दांड्याचं जाळं घेऊन बर्फगार पाण्यात उतरला. वादळानंतर इथली माणसं अशीच अंबर गाळतात. शेवाळाच्या गठ्ठ्यातून त्याने मला काढलं, उजेडात धरलं आणि ओरडला, "हाल्श्का, आत पाहुणा आहे!"

हाल्श्का त्याची बायको. संग्रहालयात किड्यांची जाणकार, सगळे तिला बाई म्हणत. झेनोन रोज संध्याकाळी खडूची भुकटी आणि फडकं घेऊन मला घासायचा. एक बाजू आरशासारखी झाली. दुसरी घ्यायला लागला तसं बाईंनी मला हिसकावून घेतलं.

"पुरे कर! घासून घासून त्याचं पोट बाहेर काढशील."

"अगं, दुसरी बाजू बघू तरी दे."

बाईंनी दिली नाही. ती बाजू दुधाळच राहिली. पुढच्याच हिवाळ्यात झेनोन गेला.

पुढे बाईंनी मला त्या एकाच बाजूने पाहिलं. मिशीच्या टोकाला गाठ! अशी गाठ कुठल्याच भुंगेऱ्याला नव्हती. म्हणजे मी नवी जात. त्यांनी मला नवऱ्याचं नाव दिलं, 'झेनोनी', आणि माझ्याखाली लाल चिठ्ठी ठेवली. ज्या एका किड्यावर अख्ख्या जातीचं नाव उभं असतं, त्यालाच ही लाल चिठ्ठी मिळते. तेव्हापासून रोज सकाळी संग्रहालयातला माझा खण उघडून त्या विचारायच्या, "काय झेनेक, उठलास का?" झेनोनचं हे लाडाचं नाव, तो गेल्यापासून घरी त्यांच्या तोंडून निघत नसे.

बाई निवृत्त झाल्या, तरी खसखशीचा केक घेऊन यायच्याच. त्यांच्या खुर्चीत आता त्यांची विद्यार्थिनी दोब्रोख्ना. तिने आमच्या घराण्याची नव्याने मांडणी काढली आणि माझी दुसरी बाजू घासली. गाठ कसली, मिशीला चिकटलेला हवेचा बुडबुडा! तो सोडला तर मी अगदी साधा भुंगेरा, ज्याच्या जातीला शंभर वर्षांपूर्वीच कुणा जर्मन गृहस्थाने नाव देऊन ठेवलेलं. या लोकांचा नियम कडक: जुनं नाव राहतं, नवं पडतं.

दोब्रोख्नाने मला कपाटात दडवलं.

"माझा भुंगेरा कुठाय गं?" बाईंनी विचारलं.

"फोटोला पाठवलाय, बाई."

"खोटं बोलताना तू नुसताच चमचा फिरवतेस. साखर तरी घाल चहात."

मग तिने मला काढलं. बाई भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसल्या.

"बुडबुडा आहे."

"हो. पण छापलंच पाहिजे असं नाही. मी गप्प बसेन, बाई."

"आणि माझ्या माणसाच्या नावाखाली चूक ठेवू? दुसरी बाजू बघू दे म्हणत होता. जिंकला लेकाचा!" त्या हसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसले. "बुडबुड्याला नाव देता येतं का गं?"

"नाही हो, बाई."

"मग आण ते पेन."

त्या जर्मन गृहस्थाने दिलेल्या नावाची नवी पांढरी चिठ्ठी बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिली. जुनी चिठ्ठी इथे कुणी फेकत नाही. लाल चिठ्ठी तळाशी तशीच आहे.

मला नावाचं काय हो? एक गेलं, दुसरं आलं. मला झोप हवी. पण परवा बाईंनी खण उघडला, "काय..." म्हणाल्या आणि थांबल्या. खण हळूच बंद केला. तेव्हापासून सकाळ सुनी जाते, आणि ते मला सोसत नाही.

बाई, कागदावर काय हवं ते असू दे. हाक मात्र झेनेक म्हणूनच मारा. मी ओ देणार नाही, खरं आहे. पण तो तरी कुठे देत होता?